ऐतमातोव यांच्या कादंबरीतील पशू आणि पशुपाल

कादंबरीत एखादे जनावर ठळकपणे वावरू लागले की ते कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न आपल्या वर्गांतून आणि चर्चामंडळांतून लगेच पुढे येतो. घोडा म्हणजे स्वातंत्र्य, मेंढी म्हणजे दैन्य, लांडगा म्हणजे क्रौर्य, अशी समीकरणे विद्यार्थी वहीत उतरवून घेतात आणि शिकविणाऱ्याचेही समाधान होते. पुष्कळ पुस्तके या रीतीने वाचून संपतात. परंतु ज्या लेखकाने जनावरांच्या सहवासात आयुष्याचा मोठा भाग घालविला आहे, त्याच्या बाबतीत ही रीत तोकडी पडते. किर्गिझ कादंबरीकार चिंगिझ ऐतमातोव (१९२८–२००८) हे अशा लेखकांपैकी एक होत. त्यांच्या कादंबऱ्यांतील घोडा, मेंढी, उंट आणि लांडगा यांचे स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, ऐतमातोव यांचे जनावर प्रथम जनावरच असते. त्याची भूक, त्याची वीण, त्याची चाल, त्याचा माज ही सारी खरी असतात. आणि ती खरी असल्यामुळेच माणसाच्या कारभाराची परीक्षा घेण्याचा अधिकार त्या जनावराला प्राप्त होतो.

हे नीट कळण्यासाठी प्रथम त्या भूमीकडे पाहिले पाहिजे. किर्गिझस्तानचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग डोंगराळ आहे. तेथील पशुपालाचे वर्ष आडव्या भटकंतीचे नसून चढउताराचे असते. वसंतात बर्फ वितळू लागले की कळप हळूहळू वर चढतात, उन्हाळा उंचावरच्या कुरणांत काढतात आणि थंडी सुरू होताच पुन्हा खाली आसऱ्याच्या दऱ्यांत उतरतात. उन्हाळी कुरणाला 'जैलो' आणि हिवाळी मुक्कामाला 'किश्तो' असे शब्द आहेत. हे वेळापत्रक गवत ठरविते. दप्तर ठरवीत नाही. घोड्याच्या वयाप्रमाणे नावे बदलतात : नुकते जन्मलेले शिंगरू 'कुलुन', वर्षा-दीड वर्षाचे 'ताय', तिसऱ्या वर्षातले 'कुनान'. जो समाज एका जनावरासाठी इतके शब्द बाळगतो, त्याचे त्या जनावराशी असलेले नाते केवळ उपयोगाचे नसते. आपल्याकडे पारडू आणि वगार, कोकरू आणि पाठ यांतला भेद ज्या घरात सहज कळतो, त्या घरातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या जीवनावर १९२० नंतरच्या दोन दशकांत सोव्हिएत राजवटीने मोठा आघात केला. भटक्यांना एका जागी वसविण्यात आले, कळप सामुदायिक शेतसंस्थांच्या, म्हणजे कोलखोजांच्या मालकीचे झाले आणि किती मांस, किती लोकर, शंभर मेंढ्यांमागे किती कोकरे, याचे आकडे वरून येऊ लागले. कुरणाचे वेळापत्रक आणि दप्तराचे वेळापत्रक यांची गाठ पडली ती येथे. ऐतमातोव यांच्या कादंबऱ्यांचा जन्म याच गाठीतून झाला आहे.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९२८ रोजी तलास खोऱ्यातील शेकेर या गावी झाला. वडील तोरेकुल हे पक्षाचे मोठे कार्यकर्ते होते. १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळी घालून ठार मारण्यात आले. त्यांचे अवशेष कोठे आहेत हे कुटुंबाला १९९१ पर्यंत कळले नाही. महायुद्धात गावातील धडधाकट पुरुष आघाडीवर गेल्यामुळे चौदा वर्षांच्या चिंगिझवर ग्रामसोव्हिएतच्या चिटणिसाचे काम येऊन पडले. युद्धानंतर त्यांनी साहित्याचे नव्हे, तर पशुसंवर्धनाचे शिक्षण घेतले : प्रथम झांबुलच्या विद्यालयात आणि मग फ्रुंझे येथील कृषिसंस्थेत. १९५३ मध्ये ते शिक्षण पुरे झाल्यावर तीन वर्षे त्यांनी पशुतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. साहित्याच्या उच्च अभ्यासासाठी ते मॉस्कोला गेले ते १९५६ मध्ये. १९५८ साली 'जमिला' प्रसिद्ध झाली. फ्रेंच कवी लुई आरागों यांनी तिचा अनुवाद केला आणि लेखकाचे नाव युरोपभर पोहोचले. हे चरित्र येथे सांगण्याचे कारण एवढेच की, ज्याने कोकरांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी स्वतः हाताळल्या आहेत, असा मनुष्य पुढे कादंबरी लिहावयास बसला, ही गोष्ट वाचकाने विसरू नये.

त्या अनुभवाचे सर्वांत परिपक्व फळ म्हणजे १९६६ साली प्रसिद्ध झालेली 'निरोप, गुल्सारी!' ही लघुकादंबरी. गुल्सारी हे एका पिवळ्या रानफुलाचे नाव. तेच एका पिवळसर घोड्याला मिळाले आहे. कथा एका रात्रीची आहे. म्हातारा तानाबाय आपल्या म्हाताऱ्या घोड्याला गाडीस जुंपून घरी निघालेला असतो. चढावर घोड्याचे बळ सरते. तानाबाय त्याला सोडून जात नाही, रस्त्याच्या कडेला शेकोटी पेटवून पहाटेपर्यंत त्याच्यापाशी बसतो. त्या रात्रीत दोघांचेही आयुष्य आठवणींच्या रूपाने आपल्यासमोर येते.

गुल्सारी हा 'जोर्गो' आहे. आपल्याकडील जुन्या अश्वपरीक्षेत ज्या चालीला रहवाल म्हणतात, तीच ही चाल. दुडक्या चालीत घोडा पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा एक असे पाय जोडीने उचलतो. रहवाल चालीचा घोडा एकाच बाजूचे दोन्ही पाय बरोबर टाकतो. त्यामुळे स्वाराला हिसके बसत नाहीत आणि घोडा जणू पाण्यावरून वाहत जातो. ही चाल पुष्कळशी उपजतच असते. कादंबरीतील पहिला संघर्ष या चालीमुळे उभा राहतो. कळपात वाढलेला, शर्यत जिंकणारा, तानाबायचा हात ओळखणारा हा घोडा कोलखोजच्या नव्या अध्यक्षाला स्वतःच्या खोगिराखाली हवा असतो. वरून आज्ञा येते आणि घोडा नेला जातो. तो दावे तोडून पुन्हापुन्हा कळपाकडे पळून येतो. मग त्याच्या पायांत लोखंडी बेड्या पडतात. बेड्यांनिशी तो उड्या घेत घेत परत येतो, तेव्हा त्याला खच्ची करण्यात येते.

येथे प्रतीक शोधणारा वाचक म्हणेल की हा खच्ची केलेला समाज होय. तसे म्हणण्यात चूक नाही. पण घाई आहे. ऐतमातोव यांनी या प्रसंगात जे दाखविले आहे ते प्रथम घोड्याच्या अंगाने दाखविले आहे. माज्या घोड्याला घोड्यांची ओढ असते, आपल्या कुरणाची वाट त्याला ठाऊक असते. त्याला खुराक अधिक घातला किंवा तबेला चांगला बांधला म्हणून ती ओढ जात नाही. हे प्रत्येक राखणदाराला ठाऊक आहे. अध्यक्षाला ते ठाऊक नाही; आणि ठाऊक करून घेण्याची त्याला आवश्यकताही वाटत नाही, कारण त्याच्या हाती आज्ञा देण्याचा अधिकार आहे. अज्ञान आणि अधिकार एकत्र आले म्हणजे काय घडते, ते घोड्याच्या शरीरावर लिहिले जाते. समाजाविषयीचा अर्थ त्यातून निघतो तो नंतर, आणि म्हणूनच तो पटतो.

कादंबरीचा दुसरा आणि आमच्या मते अधिक थोर भाग मेंढ्यांचा आहे. तानाबायला घोड्यांवरून काढून मेंढ्यांचा कळप देतात. तो जुना, सच्चा कार्यकर्ता. सामुदायिकीकरणाच्या काळात त्याने आपल्या सावत्र भावालासुद्धा धनिक ठरवून हद्दपारीच्या यादीत जाऊ दिले होते. सभेत तो इतरांप्रमाणे मोठ्या आकड्यांची प्रतिज्ञा करतो. मग वसंत येतो आणि मेंढ्या विऊ लागतात. मेंढवाडा मोडकळीस आलेला, छप्पर गळके, पायाखाली चिखल, चारा संपलेला. गाभण मेंढीला शेवटच्या आठवड्यांत सर्वांत अधिक चारा लागतो. तो नसला तर तिला दूध उतरत नाही. आणि ओले कोकरू वाऱ्यात व गारठ्यात काही तासांतच जाते. हा शास्त्रातला नियम ऐतमातोव यांनी पानामागून पानांत, रात्रीमागून रात्रीत उलगडून दाखविला आहे. कोकरे मरतात, आया आटतात, माणसे झोपेवाचून अर्धमेली होतात. अशा वेळी तालुक्याहून तपासणीस येतो आणि मेलेल्या कोकरांचा हिशेब विचारीत तानाबायला शत्रू म्हणून शिव्या घालतो. तानाबाय चाऱ्याचा काटा उगारून त्याच्या अंगावर धावतो. या अपराधाबद्दल त्याला पक्षातून काढून टाकतात.

या प्रकरणात एकही भाषण नाही, आणि तरीही सोव्हिएत शेतीव्यवस्थेवर याहून कठोर टीका त्या काळच्या अधिकृत साहित्यात क्वचितच झाली असेल. कारण ती टीका लेखक करीत नाही. ती मेंढी करते. आकडा खोटा लिहिता येतो, प्रतिज्ञा खोटी करता येते. मेंढीला मात्र दूध उतरल्याचे सोंग आणता येत नाही. राखणदाराचे ज्ञान हे या कादंबरीत सत्याचे माप ठरते ते असे. आश्चर्य असे की याच पुस्तकाला १९६८ साली सोव्हिएत संघाचे राज्य पारितोषिक मिळाले.

१९७० मधील 'पांढरे जहाज' या कृतीत पशू आणि माणूस यांच्या नात्याला पुराणकथेची जोड मिळाली. वनरक्षकांच्या एका एकाकी ठाण्यावर राहणारा सात वर्षांचा मुलगा आपल्या आजोबांकडून, मोमूनकडून, शिंगांच्या हरिणीमातेची कथा ऐकतो. शत्रूंनी टोळीचा संहार केल्यावर उरलेल्या दोन मुलांना या हरिणीने वाढविले आणि येनिसेईच्या तीरावरून इसिक-कुल सरोवराकाठी आणले, अशी ती कथा. किर्गिझांमध्ये बुगू, म्हणजे हरिण, या नावाची टोळी खरोखरच आहे. जंगलात हरिणे पुन्हा दिसू लागतात तेव्हा मुलाला वाटते की आई परत आली. ठाण्याचा मुख्य ओरोझकुल मात्र म्हाताऱ्याला धाक घालून त्याच्याच हातून हरिणी मारवितो. मुलगा नदीत उतरतो आणि मासा होण्यासाठी निघून जातो. एवढ्या लहान मुलाचा असा शेवट का केला, अशी टीका त्या वेळी पुष्कळ झाली. परंतु हा शेवट आम्हांला अटळ वाटतो. ज्याने कथा सांगितली त्यानेच ती मारली. आता त्या मुलाने कोणाच्या शब्दावर जगावे?

१९८० साली आलेल्या 'शंभर वर्षांहून मोठा दिवस' या मोठ्या कादंबरीत आपण डोंगर सोडून कझाखस्तानच्या कोरड्या गवताळ मैदानात येतो. येदिगेई हा एका लहानशा रेल्वेथांब्यावरचा कामगार; आपल्या मित्राचे प्रेत पूर्वजांच्या स्मशानात पुरण्यासाठी तो करानार नावाच्या दोन वशिंडांच्या उंटावर बसून निघतो. ऐन हिवाळ्यात माजावर आलेल्या करानारचे वर्णन ज्यांनी वाचले आहे, त्यांना उंट हा निमूट ओझे वाहणारा प्राणी आहे असे पुन्हा म्हणवणार नाही. तो दूरदूरच्या वस्त्यांवर धाड घालतो, माणसे त्राहि त्राहि करतात, आणि येदिगेईला रागही येतो व अभिमानही वाटतो. जनावराला आवर घालणे आणि जनावर मोडून टाकणे यांतला भेद येदिगेईला कळतो. गुल्सारीच्या अध्यक्षाला तो कळला नव्हता.

याच कादंबरीत मानकुर्ताची कथा आहे आणि ती आमच्या विषयाला एक महत्त्वाचे वळण देते. शत्रू कैद्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावर ताज्या मारलेल्या उंटाचे कातडे घट्ट बसवितात. उन्हात ते आवळत जाते. कैदी बहुधा मरतो. जगला तर त्याची स्मृती नाहीशी झालेली असते. असा स्मृतिहीन गुलाम म्हणजे मानकुर्त. नैमान-आना ही माता आपल्या मानकुर्त झालेल्या मुलाला शोधीत अकमाया नावाच्या पांढऱ्या सांडणीवरून येते, त्याला त्याच्या बापाचे नाव सांगते, आणि मुलगा धन्याच्या सांगण्यावरून तिलाच बाण मारतो. कथेतील एक तपशील वाचकाच्या नजरेतून सहज निसटतो : हा मुलगा उंटांची राखण करीत असतो, आणि ती चोख करीत असतो. जनावरे राखण्याचे कसब त्याच्यापाशी आहे. परंतु तो कोणाचा मुलगा, हे उंट कोणाचे, हे कुरण कोणाचे, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. येथे ऐतमातोव यांनी स्वतःच्याच विचाराला पूरक अशी अट घातली आहे. पशुपालाचे ज्ञान सत्याचे माप खरे; पण त्याला स्मृतीचा आधार नसेल तर ते गुलामाचे कसब होऊन बसते. तानाबाय आणि मानकुर्त यांच्यामधले अंतर ते हेच.

१९८६ च्या 'वधशिला' या कादंबरीत या विचाराची भीषण बाजू येते. मोयुनकुमच्या मैदानात सैगा हरिणांचे प्रचंड कळप चरत असतात आणि त्यांच्या आधाराने अकबरा ही लांडगीण व ताश्चैनार हा तिचा नर जगत असतात. प्रांताचा मांसाचा आकडा अपुरा पडतो, म्हणून हेलिकॉप्टरांनी हरिणांना पिटाळून यंत्रबंदुकांनी त्यांची कत्तल होते. त्या धुमाळीत अकबराची पिले जातात. दुसरी वीण माणसांनी लावलेल्या आगीत नष्ट होते. तिसऱ्या वेळी बाझारबाय नावाचा दारुडा पिले चोरून नेतो आणि वाटेत बोस्तोन या कष्टाळू मेंढपाळाच्या घरी थांबतो. लांडगे बोस्तोनच्या दारी येऊन रडतात. शेवटी अकबरा बोस्तोनचे तान्हे मूल उचलून पळते. बोस्तोन गोळी झाडतो आणि त्या गोळीने लांडगीण व मूल दोन्ही मरतात. अपराध एकाचा, शिक्षा दुसऱ्याला, आणि मूळ दूर कोठेतरी एका कोष्टकात!

या कादंबरीविषयी आमचे समाधान पूर्ण नाही. अकबरा चंद्रावरच्या लांडग्यांच्या देवीला साकडे घालते, तेथे लेखकाने जनावराच्या तोंडी माणसाची प्रार्थना घातली आहे असे वाटते. गुल्सारीच्या वेळी जो संयम होता तो येथे सुटला आहे. मधल्या भागातील धर्मचर्चाही कथेला जड झाली आहे. तरीही सैगांच्या कत्तलीची पाने विसरता येत नाहीत. या हरिणांचे पुढे जे झाले तेही वाचकाला ठाऊक असावे : २०१५ साली कझाखस्तानात दोन लाखांहून अधिक सैगा जंतुसंसर्गाने थोड्याच आठवड्यांत मेले, नंतर संरक्षणामुळे त्यांची संख्या इतकी वाढली की २०२३ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून काढून 'संकटाच्या जवळ' या सौम्य वर्गात घालण्यात आले.

मराठी वाचकाला येथे व्यंकटेश माडगूळकर यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. माडगूळकर १९२७ चे, ऐतमातोव १९२८ चे. 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. माणदेशातील धनगरवस्ती, मेंढरे, नवी शाळा आणि शेवटी दुष्काळाने ओस पडणारे गाव. दोघांनाही जनावर आतून ठाऊक आहे, दोघेही त्याच्याविषयी भाबडेपणाने लिहीत नाहीत. भेद आहे तो संकटाच्या स्वरूपात. बनगरवाडीवर आकाश कोपते. तानाबायच्या मेंढवाड्यात पाऊस पडतो खरा, पण छप्पर गळते ते माणसाच्या निष्काळजीपणामुळे. म्हणून माडगूळकरांच्या शेवटी एक शांत विषाद आहे आणि ऐतमातोव यांच्या शेवटी जाब विचारणे आहे. दोन्ही पुस्तके वर्गात शेजारी ठेवून वाचली तर विद्यार्थ्याला हा भेद कोणत्याही व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या मंडळींना विशेष जवळची आहे. ऐतमातोव प्रथम किर्गिझमध्ये लिहीत; १९६० नंतरच्या दशकात ते मुख्यतः रशियनमध्ये लिहू लागले. दोन भाषांत राहणाऱ्या माणसाला एक भाषा कारभाराची आणि दुसरी घरची होऊ देण्याचा मोह असतो. त्यांनी कारभाराच्या भाषेत लिहिताना घरच्या भाषेतील जैलो, जोर्गो, मानकुर्त हे शब्द तसेच आणले. मानकुर्त हा शब्द तर पुढे रशियन बोलण्यात आपली मुळे विसरलेल्या माणसासाठी सर्रास वापरला जाऊ लागला. बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील शिक्षकाला या शब्दाचा अर्थ विस्ताराने सांगावा लागणार नाही.

शिकविणाऱ्यांना आमची सूचना एवढीच. 'गुल्सारी' वाचताना विद्यार्थ्याला प्रथम असे विचारावे : रहवाल चाल म्हणजे काय? घोडा पळून का येतो? विणाऱ्या मेंढीला काय लागते, आणि त्यांपैकी तानाबायपाशी काय होते? खेड्यातून आलेला, वर्गात एरवी मागे बसणारा मुलगा या प्रश्नांची उत्तरे कदाचित सर्वांच्या आधी देईल, आणि त्याच्या घरचे ज्ञान हेही वाङ्मय समजण्याचे साधन आहे, हे त्याला व इतरांना कळेल. प्रतीकाचा प्रश्न त्यानंतर विचारावा. तोपर्यंत बहुधा त्याचे उत्तर मुलांनी स्वतःच शोधलेले असेल.